कलती टोपी

टोपी किती कलती ठेवायची, यावर येऊन सगळं अडलं होतं.

अंगणात पांढरी चादर ताणून बांधली होती. तिच्यापुढं लाकडी खुर्चीवर रूपराव बसले होते, धाकट्या भावाचा सदरा अंगात घालून. हा भाऊ, बबन, पोळ्याच्या तोंडावर पऱ्हाटीत साप चावून गेला होता. त्याचा एकही फोटो घरात नव्हता. लग्नात कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि पुढं काढू काढू म्हणता राहूनच गेला. त्याची मुलगी सुधा अजून रांगत होती. ती मोठी झाली की बाप म्हणून कोणाकडं बोट दाखवायचं, असं तिच्या आईनं, कोकिळेनं, एकदा जावेला विचारलं. जावेनं ते नवऱ्याच्या, म्हणजे रूपरावांच्या कानावर घातलं. समुद्रपूरचा फोटोवाला ताराचंद म्हणाला, सख्खा भाऊ सारखा दिसत असेल तर काही अडत नाही. त्यालाच बसवू. आणि हे दोघे भाऊ एका साच्यातले, असं सारं गाव म्हणायचं.

म्हणायचं ते गाव. कोकिळेला ते ठाऊक नव्हतं. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि भासऱ्यासमोर भावसुनेनं तोंड उघडं टाकायचं नाही, ही त्या घरची रीत. ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं रूपरावांचे पाय पाहिले होते. खोकला ओळखीचा होता. भाकर वाढताना ताटावरचा हात दिसायचा. त्या हाताच्या वर तिची नजर कधी चढली नव्हती.

कपडे मात्र तिनंच निवडले. रूपरावांच्या मनात होतं की भाऊ फोटोत कोट घालून दिसावा. ताराचंदनं स्टुडिओतला काळा कोट सोबत आणलाही होता. तालुक्यातले निम्मे नवरदेव त्याच कोटात फोटोला बसलेले. कोकिळेनं दाराआडून जावेकरवी कळवलं की त्यांनी जन्मात कोट घातला नाही. दिवस झाल्यावर बबनचे कपडे वाटून टाकले, तेव्हा एक सदरा तिनं गोधडीच्या घडीत लपवून ठेवला होता. तोच काढून दिला. त्याची सगळी बटणं पांढरी, छातीवरचं एक तपकिरी. ते तिनंच लावलेलं. ताराचंद म्हणाला, बदलून घ्या, फोटोत काळं येईल. ती म्हणाली, येऊ द्या.

रूपरावांनी आपली झुबकेदार मिशी सकाळीच कातरून भावासारखी बारीक केली होती. त्यांची बायको आनंदाबाई तेव्हापासून कपाळाला आठ्या घालून वावरत होती. जित्या माणसाच्या फोटोले हार घालाले निघाले, असं ती चुलीपाशी पुटपुटली होती. पण सुधाला कडेवर घेऊन चादरीच्या गाठी आवळत होती तीच.

आता राहिली टोपी. बबन ती उजव्या अंगाला कलती घालायचा, एवढं सगळ्यांना आठवत होतं. किती कलती, ते कोणालाच जमेना. आनंदाबाई कलवायची तर ती कानावर यायची आणि रूपराव तमाशातल्या सोंगाड्यासारखे दिसायचे. रूपराव कलवायचे तर ती सरळच व्हायची. ऊन चादरीवरून सरकू लागलं. ताराचंदला चारची एसटी गाठायची होती. ज्याला नीट ठाऊक असेल त्यानं समोर येऊन सांगावं, असं तो म्हणाला.

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या.

कोकिळेनं दाराआड डोळे मिटले. डोळे मिटले की बबन लख्ख दिसायचा: शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभा, घामेजलेला, टोपीची कड भुवईला टेकलेली, आणि कशाला तरी हसत असलेला. त्याच्या मागं तिच्याजवळ उरलं होतं ते एवढंच. दिवसातून कितीदा तरी ती ते पाहून घ्यायची.

रूपरावांनी खाली पाहूनच तोंड उघडलं. इतक्या वर्षांत ते तिच्याशी थेट कधी बोलले नव्हते.

"बाई, पदर वर कर. या सदऱ्यात मी तुहा भासरा नाई. एकडाव पाहून घे."

कोकिळेनं जावेकडं पाहिलं. आनंदाबाईनं सुधाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "जाय," ती म्हणाली. "पोरीसाठी जाय."

ती अंगणात आली. पदर वर केला. रूपरावांनीही मान वर केली.

"अजून खाली," कोकिळा म्हणाली. "भुवईले टेकू द्या."

रूपरावांनी टोपी ओढली. ती बरोबर बसली. तरी कोकिळा लगेच हलली नाही. पोरीला जन्मभर पुरायचा फोटो, चूक राहायला नको, म्हणून ती नीट पाहत राहिली. कपाळ पाहिलं, नाक पाहिलं, कातरलेली मिशी पाहिली. डोळे पाहिले, ते भरून आले होते. बटण पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "असेच दिसत."

ताराचंदनं कळ दाबली.

तिनं पदर ओढला आणि ती आत धान्याच्या कोठीमागं जाऊन उभी राहिली. झालं एकदाचं, हे त्याला सांगावं म्हणून नेहमीसारखे डोळे मिटले. धुरा आला. ऊन आलं. टोपीची कड भुवईला टेकलेली होती, बटण जागच्या जागी होतं. चेहरा भासऱ्याचा होता.

तिनं डोळे उघडले, पुन्हा घट्ट मिटले. बाहेर ताराचंद चादर सोडवत होता, सुधा रडत होती. कोकिळा तशीच उभी राहिली, वाट पाहत. टोपीखालून रूपरावच तिच्याकडं पाहत राहिले.