मदतीचं बटण

"अण्णा, प्लग काढा, थोडं थांबा, परत लावा. कितीदा सांगायचं?" सुनेत्रा फोनवर वैतागली. मिरजेत तिच्या वडिलांच्या टीव्हीवर नाट्यसंगीताचं अ‍ॅप पुन्हा अडकलं होतं.

"काल किती गोडीनं समजावलंस गं! आज का ओरडतेस?"

काल ती त्यांच्याशी बोललीच नव्हती. वय झालं अण्णांचं, असं समजून तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गेले.

मिरजेच्या घरी दिवसकार्य उरकल्यावर तिनं त्यांचा टीव्ही लावला. अ‍ॅप अडकलेलंच होतं. तिनं रिमोटवरचं मदतीचं बटण दाबलं.

"अण्णा, घाबरू नका हं," टीव्हीतून तिचाच आवाज आला. "आधी वायफाय बघू. आणि जेवलात का?"

पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरं होती: घरच्या माणसांच्या फोनवरच्या संभाषणांवरून शिकलेला आवाज. तिच्या वैतागलेल्या बोलण्यातून कंपनीनं एक प्रेमळ मुलगी घडवली होती, आणि अण्णा रोज तिच्याशी बोलत होते.

"जेवलात का, अण्णा?" आवाजानं पुन्हा विचारलं.

सुनेत्रानं प्लग ओढून काढला. मग रिकाम्या खुर्चीकडे बघत ती म्हणाली, "अण्णा, तुमच्याशी गोड बोलली ती मी नव्हते."