अँटेनाची सळई

सत्त्याण्णव साली सेनगावकडच्या एका तांड्यावरच्या शाळेला सरकारनं शिकवायला रंगीत टीव्ही धाडला, तेव्हा शाळेत वीजच नव्हती. टीव्ही खोक्यातच राहिला. खोडके गुरुजींनी मात्र त्याच्या अँटेनाची सळई काढून घेतली. लेकरांच्या पाठीवर तुराटी दोन फटक्यांत मोडायची, सळई काही केल्या मोडत नव्हती.

त्या दिवशी सतराचा पाढा अडखळला म्हणून त्यांनी चौथीतल्या शीलाला सळईनं झोडपून काढलं. फटका चुकवायला तिनं हात वर केला, आणि मनगटात कट्‌कन आवाज झाला.

दुपारी तिचा बाप उत्तमसिंग शाळेच्या दारात उभा राहिला. गुरुजी चपापले, पण घाबरले नाहीत. पोरीचं नाव घालताना तांड्यावरचा प्रत्येक बाप बोलतो तेच हाही बोलला होता, "गुरुजी, चामडी तुमची, हाडं आमची." असं बोललेला बाप भांडायला येत नाही, हे त्यांना अनुभवानं पाठ होतं.

"काहून तोंड पाडून उभा राहिला, उत्तमसिंग?" गुरुजी हसत म्हणाले. "माराया तूच सांगितलं होतं ना?"

"व्हय, सांगितलं होतं. चामडी तुमची."

उत्तमसिंगनं सगळ्या लेकरांना बाहेर काढलं, आतून कडी घातली आणि टेबलावरची सळई उचलली.



"पर गुरुजी, मोडलं ते हाड आमचं व्हतं."