आईच्या शालीतला दगड

आईचे वडील म्हणजे आम्हा मासाईंमधले मोठे जाणते. अशा माणसाला जिथं पुरलं, तिथून जाणाऱ्या प्रत्येकानं एक दगड वाहायचा, ही आमची रीत. ती जागा आता राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे. मी सफारीची गाडी चालवतो, म्हणून तर आई आज तिथवर पोचली. दगडांच्या ढिगाला टेकून सिंह पहुडला होता आणि भोवती पर्यटकांच्या गाड्या लागल्या होत्या.

"खाली उतरता येणार नाही गं, नियम आहे."

"बापाच्या दाराशी येऊन तशीच परत जाऊ?"

तिनं शालीतून दगड काढला आणि खिडकीतून भिरकावला. तो नेमका ढिगावर पडला. सिंह उठला, आळस देत गवतात निघून गेला. पर्यटकांनी कॅमेरे खाली घेऊन एकच गिल्ला केला. रेंजर तणतणत आला.

"ए म्हातारे, सिंहाला दगड मारतेस? लाज नाही वाटत?"

"डोळे फुटले का तुझे?" आई कडाडली. "दगड माझ्या बापाला वाहिलाय. सिंहाला कशाला मारू? आम्हाला इथनं हाकललं, ते काय सिंहानं?"