विरजण

कैलास महाळुंग्यात फ्लॅट बघत होता. त्याची आई रंभाबाई रिहे गावाहून मुद्दाम आली होती, पण खोल्यांकडे तिचं लक्षच नव्हतं. एजंट बाल्कनीचं कौतुक सांगायला लागला की ती बाहेर पडायची आणि समोरच्या दाराची बेल वाजवायची. "हितं राहायला येतोय. इवलं विरजण मिळंल का?"

"आई, काय चाललंय तुझं?"

"घर काय बघतुयास? शेजार बघ."

पहिल्या सोसायटीत दार उघडलंच नाही. दुसरीत एका बाईनं साखळी न काढताच "नको, नको" म्हणून दार लावलं. तिसरीत एका मुलीनं मोबाइल पुढे केला. "आजी, दही दहा मिनिटांत घरपोच येतं."

चौथ्या ठिकाणी पहिल्याच बेलला दार उघडलं. रंभाबाईच्याच वयाची बाई. विरजण म्हटल्यावर ती हसली आणि आतून स्टीलची वाटी भरून घेऊन आली.

रंभाबाईचा चेहरा उजळला. "कैलास, हेच घे."

बाईनं वाटी पुढे केली, पण हातातून सोडली नाही.

"मी बी गावाकडचीच, उरवड्याची. असंच विरजण मागून हे घर पसंत केलं. तुमी बघताय त्या फ्लॅटातल्या यमुनाबाईंनी दिलं व्हतं. ही वाटी त्यांचीच, परत द्यायची राहिली." तिनं समोरच्या रिकाम्या घराकडं पाहिलं. "त्या वारल्याचं मला पाचव्या दिवशी वॉचमननं सांगितलं."