उसातली वाट

काश्मीरहून रजेवर आलेला जवान अमृत आपल्या बोरी गावात उसातल्या पायवाटेनंही गस्तीवर असल्यासारखा चालायचा. पावलांचा आवाज नाही, तोंडातून शब्द नाही. मागून त्याची बायको आरती ओरडायची, "अवो, बोला की कायतरी! माणूस येतोय हे बिबट्याला कळाया नको?"

"बोलायची सवयच गेली."

"मग गाणं म्हना. तुमचा आवाज ऐकून आपसूक पळंल."

रजा संपत आली तेव्हा तो रोज मोठ्यानं गात शेतावर जाऊ लागला होता. आरतीला हसू आवरायचं नाही.

निघायच्या दिवशी आळेफाट्यावर एसटीत बसल्यावरही तो तेच गाणं गुणगुणत होता. आरतीनं खिडकीचा गज घट्ट धरला.

"गाणं हितंच ठेवून जा," ती म्हणाली. "तिकडं पयल्यासारखंच गप चाला."