शपथपत्रावरचा फोटो

अपिलाची मुदत शुक्रवारी संपत होती, पण धर्मपालने बुधवारी सकाळीच स्कॅनर सुरू केला. घाटंजीच्या वकीलसाहेबांकडे तो बारा वर्षं मुंशी होता. शेवटच्या दिवशी कोर्टाचा ई-फायलिंगचा सर्व्हर हमखास मान टाकतो, हे त्याला पाठ होतं. मागे एकदा एक पान तिरकं आलं म्हणून अख्खं प्रकरण परत आलं होतं. तेव्हापासून तो स्कॅनचं प्रत्येक पान मूळ कागदाशी ताडून बघे.

नवव्या पानावर तो थांबला. शपथपत्रावर मैनाबाईंचा फोटो होता. कागदावर त्यांच्यामागे कोरा निळा पडदा होता. स्क्रीनवर त्याच पडद्यात एक दार होतं, बोटभर उघडं.

त्याने स्कॅनरची काच पुसली आणि पान पुन्हा लावलं. दार आता वीतभर उघडं होतं.

मैनाबाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या. दावा त्यांच्या राहत्या घराचा होता. त्या घरात त्या एकट्याच राहत. स्क्रीनची पाठ त्यांच्याकडे होती.

"मावशी, फोटो कुठी काढला?"

"बाजारातल्या स्टुडिओत. काहून?"

"काही नाही. जरा पुसट येऊन राह्यला."

त्याने तिसऱ्यांदा स्कॅन केलं. दार सताड उघडं होतं आणि आत चूल पेटलेली दिसत होती.

धर्मपालने स्क्रीन बंद केली.

मैनाबाईंनी पिशवीतली किल्ली चाचपून पाहिली.

"कुलूप लावूनच निंगालती मी," त्या हळूच म्हणाल्या. "चूल बी इझवलीती."