बांधावरची पूजा

नारळ कुणी फोडायचा, हे बांधावर काही केल्या ठरेना. शेवटी आमदारांनी तो सरळ अपूर्वाच्या हातात दिला.

अपूर्वा तहसीलदार होती. सकाळपासून ती खालच्या गावात फिरत होती. पीपलरावां या कसब्याच्या पुढे, सोयाबीनच्या शेतांत वसलेलं ते लहानसं गाव. त्याच्या डोक्यावर हा नवा तलाव. बांधातून पाणी झिरपत होतं. सकाळी इंजिनियर दीपेशने लोकांना सांगितलं होतं, की एवढं झिरपणं चालायचंच. दुपारी पाणी गढूळ यायला लागलं. तेव्हा त्याने अपूर्वाला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, की आतली माती सुटते आहे, गाव रिकामं करा.

तिने भोंग्यावरून सांगितलं. घरोघरी जाऊन सांगितलं. कुणी हललं नाही. मागच्या पावसाळ्यातही त्यांना असंच उठवलं होतं. झालं काहीच नव्हतं, आणि परत येऊन पाहतात तर बकऱ्या चोरीला गेलेल्या. लोक तिचं सगळं ऐकून घेत, चहा घेणार का विचारत, आणि ओट्यावरच बसून राहत.

अशात आमदार आले. तलावाचं उद्घाटन त्यांच्याच हातचं. सोबत पंडितजी, ढोल, प्रसादाची टोपली. पूजा आहे म्हटल्यावर सगळं गाव घराबाहेर पडलं आणि बांधाच्या पायथ्याशी येऊन उभं राहिलं. जिथे उभं राहायला नको, नेमकं तिथेच.

"साहेब, पूजा तुम्ही करा," अपूर्वा म्हणाली. "मी इथे सरकारी कामावर आहे."

आमदार रागावले नाहीत. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे, ते म्हणाले. प्रशासन हात जोडून उभं दिसलं, की पब्लिकला धीर येतो.

धीर? तिला तर लोकांनी घाबरायला हवं होतं. तिचे वडील शरच्चंद्र देवासला हेडमास्तर होते. घरी सकाळची पूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारे, पण शाळेतल्या आपल्या खोलीत त्यांनी कधी देवाची तसबीर लावू दिली नाही. खुर्ची सगळ्यांची आहे, म्हणत. अपूर्वानेही तेच धरून ठेवलं होतं. पण आता नाही म्हटलं तर वाद होईल, वादात वेळ जाईल. हो म्हटलं तर लोक निवांत होतील. दोन्हीकडून गाव बुडत होतं. तिने नारळ फोडला, आणि लवकर आटोपावं म्हणून हात जोडले.

पंडितजींनी मंत्र सुरू केले. अपूर्वाची नजर खाली गेली. बांधाच्या कुशीतून निघणारी मातकट धार आता मनगटाएवढी जाड झाली होती. त्या धारेजवळच पोरं प्रसादासाठी ओंजळी धरून उभी होती. मग काय झालं, ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. तिने डोळे मिटले. देवासच्या टेकडीवरची देवी तिच्या डोळ्यांपुढे आली आणि ओठ आपोआप हलू लागले. आजचा दिवस धरून ठेव, आई, एवढंच ती मागत राहिली. हा दिखावा होता की खरं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

तिने डोळे उघडले तेव्हा खाली जेमतेम चार माणसं उरली होती.

बांध फुटला, असंच तिला वाटलं. पण बांध जागेवर होता. लोक गावाकडे पळत होते. थोड्याच वेळात ट्रॉल्या बाहेर आल्या. गाद्या, कोंबड्या, गॅसच्या टाक्या, म्हाताऱ्या माणसांच्या खाटा. आरडाओरडा नव्हता. आमदार ज्याला त्याला विचारत होते, की अजून आरती राहिली आहे, कुठे चाललात? कुणी थांबून उत्तर देईना. अपूर्वा काही न समजताच धावत खाली गेली आणि ट्रॉल्यांना वाट करून देऊ लागली.

दिवेलागणीला बांध फुटला. घरं वाहून गेली. माणूस एकही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी उंचवट्यावरच्या शाळेत सगळं गाव मुक्कामाला होतं. आमदारांनी कॅमेऱ्यापुढे सांगितलं, की भक्तीने गाव वाचलं, आणि आमच्या तहसीलदार मॅडमनेही मनापासून प्रार्थना केली. भोपाळहून कौतुकाचा फोन आला. देवासच्या एका वकिलाने तक्रार केली, की ड्युटीवर असताना अधिकारी पूजेला बसलीच कशी. अपूर्वाला आमदारांचं आणि वकिलाचं, दोघांचंही खरं वाटत होतं, आणि दोघांचंही पटत नव्हतं.

शाळेच्या व्हरांड्यात मालन शिलाई मशीन पुसत बसली होती. तिच्या सासरचे पूर्वज देवासच्या मराठा दरबाराच्या घोड्यांची खोगिरं शिवायला इकडे आले होते. ती आता गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. गावात मराठी बोलणारं तेवढं एकच घर. अपूर्वा तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"मावशी, मी दिवसभर ओरडत होते, तेव्हा का नाही निघालात?"

मालनने फडकं बाजूला ठेवलं.

"तुम्ही हुकूम देत होतात तोवर वाटत होतं, सरकार आहे, घेईल सांभाळून," ती म्हणाली. "आमदारांचं सोडा, त्यांचे हात कायमच जोडलेले. पण बाई, तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. खरोखर मागत होतात तुम्ही. मी सुनेला म्हटलं, मशीन उचल, आता सरकारजवळ काहीच उरलं नाही."